पहिल्या गिअरमधले तीन दिवस

इंदूरजवळच्या जाम दरवाजाच्या खाली घाटात एक वळण आहे. दोन वर्षांपूर्वी महेश्वरहून परत येताना तिथे रस्त्यावर गिट्टी पसरलेली होती. माझा वेग वीसच्या वर नसेल. गिट्टी दिसली, मी तिच्याकडेच बघत राहिले, पुढचा ब्रेक दाबला आणि माझी मोटारसायकल, रॉयल एनफिल्डची हिमालयन, डावीकडे आडवी झाली. गाडीचं वजन 199 किलो आणि माझा पाय तिच्याखाली. मागून येणाऱ्या दोन दूधवाल्यांनी आपले कॅन खाली उतरवले, गाडी उचलली, मला कठड्यावर बसवून पाणी दिलं. घोटा महिन्याभरात बरा झाला. पण तेव्हापासून डांबर संपलं की माझे हात आखडायचे. इंदूरमध्ये राहून रस्ता खोदलेला नाही असा आठवडा जात नाही, तेव्हा हे दुखणं रोजचंच झालं होतं.

यावर उपाय म्हणून एक कोर्स शोधला माझ्या भाच्यानं. तो पुण्याला ऑटोमोबाइल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, डिसेंबरच्या सुट्टीत आजीकडे आला होता. "आत्या, किती दिवस त्या वळणाची गोष्ट सांगणारेस? चल, शिकून येऊ," म्हणाला. महूहून मंडलेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बडगोंद्याच्या पुढे, टेकडीच्या उताराला लागून दहा-बारा एकर पडीक जमीन आहे. तिथे कच्च्या रस्त्यावर मोटारसायकल चालवायला शिकवतात. तीन दिवस, आठ जण, राहणं-जेवण तिथेच. मी बँकेत रजा टाकली. माझं वय त्रेचाळीस. गाडी शिकले ती बाबांच्या कायनेटिक होंडावर, जी आमच्या शेजारच्या पिथमपूरलाच बनायची. तिला हातानं दाबायचा क्लचच नव्हता. क्लच माझ्या हाताला लागला तो एकोणचाळिसाव्या वर्षी.

गुरुवार, रात्र

निघायच्या आदल्या रात्री भाच्याला सराफ्यात नेलं. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात. थंडीत तिथे जायचं ते गराडूसाठी. हा एक कंद. उकडून, तळून, मग ऐनवेळी पुन्हा तळतात आणि वर लिंबू पिळून मसाला टाकतात. बाहेरून कुरकुरीत, आतून जवळजवळ खव्यासारखा. भाच्यानं तीन प्लेट खाल्ल्या. घरी आलो तर आईनं डिंकाचे लाडू डब्यात भरून ठेवले होते. "पडणार आहात ना तुम्ही? मग हाडं शाबूत राहायला हवीत," एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं ती जाऊ नको म्हणेल.

शुक्रवार, पहिला दिवस

सकाळी सहाला राजेंद्रनगरहून निघालो तेव्हा पारा नऊवर होता. राऊपर्यंत बोटं बधिर झाली. महूत शिरल्यावर पहिल्याच गाडीवर थांबलो. आमच्याकडचे पोहे कढईत परततात तसे नसतात, खाली पाणी उकळत असतं आणि पोहे वाफेवर तासन्‌तास मऊ राहतात. वर शेव, कांदा, जीरावन मसाला, बडीशेपेचा वास, सोबत गरम जलेबी. पुण्यात वाढलेला भाचा दर खेपेला म्हणतो, "हे पोहे नाहीत, हे काहीतरी वेगळंच आहे," आणि दर खेपेला दुसरी प्लेट मागतो.

शिकवणारे गृहस्थ मूळचे साताऱ्याकडचे. लष्कराच्या सिग्नल्समध्ये नोकरी झाली, निवृत्त झाल्यावर महूतच घर केलं. सगळे त्यांना सुभेदारसाहेब म्हणत होते, आम्हीही तेच म्हणू लागलो. एकसष्ट वर्षांचे, बारीक, पाठ काठीसारखी सरळ. आम्ही आठ जण: आम्ही दोघं, धारजवळचे सोयाबीन पिकवणारे दोन भाऊ, उज्जैनच्या एक दंतवैद्य बाई, भोपाळचे शाळामास्तर आणि देवासचे बापलेक.

स्वतःची गाडी आणली असली तरी पहिले दोन दिवस त्यांच्या गाड्या घ्यायच्या, असा नियम होता. हिरोच्या 200 सीसीच्या एक्सपल्स. वजन 160 किलोच्या आत, पुढचं चाक 21 इंचांचं, ब्रेक दाबल्यावर चाक जखडू न देणारं एबीएस फक्त पुढच्या चाकाला. जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं, भाड्याचे पैसे वाचवायला जाऊ नका. आपल्या गाडीचा आरसा फुटेल ही धास्ती डोक्यात असली की पडायची भीती दुप्पट होते, आणि भ्यालेलं माणूस काही शिकत नाही.

मला वाटलं होतं, सुरुवात गाडी चालू करून होईल. सुभेदारसाहेबांनी माझी गाडी घेतली, हळूच गवतावर आडवी केली आणि म्हणाले, "उचला ताई."

मी वाकले, हँडल धरलं, ओढलं. कंबरेत चमक आली. गाडी तशीच.

"पाठीनं उचलायची न्हाई. पायानं उचलायची."

मग पद्धत सांगितली. आधी इंजिन बंद. गिअरचा लिव्हर गाडीखाली दबलेला नसेल तर गिअरमध्ये टाकायची, म्हणजे घरंगळत नाही. उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टँड उघडून ठेवायचा, नाहीतर उभी झालेली गाडी पलीकडे कोसळते. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवायचं. मग गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला बूड टेकवायचं, एका हातानं खालची मूठ धरायची, दुसऱ्या हातानं मागची कडी, आणि पाठ ताठ ठेवून छोटी छोटी पावलं मागे टाकत जायचं. चौथ्या पावलाला गाडी उभी! मी पुन्हा आडवी करायला लावली आणि पुन्हा उचलली. दंतवैद्य बाईंची उंची पाच फुटांच्या आसपास. त्यांनीही उचलली आणि टाळ्या पडल्या. नंतर माझी हिमालयनही त्याच पद्धतीनं उचलून पाहिली. जड गेली, पण उठली. दोन वर्षं मी मनात एकच चित्र घेऊन फिरत होते, मी खाली आणि गाडी वर. ते त्या दिवशी सकाळी साडेनऊला पुसलं गेलं.

दिवसाचा उरलेला भाग उभं राहण्यात गेला. फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या खुंटीवर, पाऊल चवड्यावर टेकवायचं, गुडघे किंचित वाकवून टाकीला चिकटवायचे, कोपर बाहेर, हनुवटी वर. खड्डा आला की गाडी खाली उड्या मारते, आपण वर शांत. वजन सीटवरून पेगवर गेलं की गाडी हलकी होते हे ऐकलेलं होतं, पण पायांना कळल्यावरच पटलं. मुठी सैल ठेवायच्या. "कोंबडीचं पिल्लू धरल्यावानी. दाबलं तर मरंल, सोडलं तर उडंल." ब्रेकवर आणि क्लचवर दोनच बोटं. माझे लिव्हर त्यांनी पान्यानं थोडे खाली वळवून दिले, कारण बसून सोयीचा वाटणारा लिव्हर उभं राहिल्यावर मनगट मुरडतो. हे पाच मिनिटांचं काम मी चार वर्षांत कुणाकडूनही करून घेतलेलं नव्हतं.

आणि मग बोटं. ती तीन दिवस आमच्या मागे होती. प्रत्येक पट्टीच्या टोकाला सुभेदारसाहेब उभे राहायचे आणि हात वर करून काही बोटं दाखवायचे. चालवताना आकडा मोठ्यानं ओरडायचा. ज्याची नजर पुढच्या चाकावर, त्याला आकडा दिसायचाच नाही. मी सकाळभर ओरडलेच नाही. मला वाटायचं मी समोर बघतेय. प्रत्यक्षात बघत असायचे दगडाकडे, आणि नेमकी त्याच दगडावर जायचे.

दुपारी जेवण शेजारच्या शेतावरून आलं. डाळ आणि पानिये. मक्याच्या पिठाचे जाड गोळे थापून, रुईच्या पानांत दाबून गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात. पान सोलून काढलं की पानाच्या शिरा पानियावर उमटलेल्या असतात. वर तूप ओतलेलं. वाढणाऱ्या आजी मागे लागल्या, "खाओ बेन, अभी तो गाड़ी उठानी है." गाड्या उचलायच्या असल्यानं मी दोनच खाल्ले. धारच्या धाकट्यानं सहा खाल्ले आणि दुपारी त्याच्या क्लचवरच्या बोटांना झोप लागत होती. दुपारचं जेवण हलकं ठेवा, पाणी मात्र तहान लागायची वाट न बघता प्या. थंडीत घाम कळत नाही. संध्याकाळी माझं डोकं दुखलं ते त्यामुळेच. मीठ-साखरेचं पाणी पोटात गेल्यावर थांबलं.

दुपारी हळू शर्यत होती. पन्नास फुटांची पट्टी, दोन गाड्या, पाय टेकला की बाद, जो शेवटी पोचेल तो जिंकला. ऐकताच मी उठून उभी राहिले. आमच्या गणेशोत्सवात दरवर्षी स्लो सायकल असायची आणि मी सलग तीन वर्षं पहिली आले होते! इथे सायकलच्या तोलाशिवाय तीन गोष्टी लागतात: क्लच अर्धवट धरून ठेवायचा, इंजिनाला थोडी रेस कायम द्यायची आणि मागचा ब्रेक पायानं अलगद घासता ठेवायचा. इंजिन ओढतंय आणि ब्रेक अडवतोय, या ताणातच गाडी उभ्याउभ्या स्थिर राहते. भाचा वेगात तयार, पण हळू जाताना तिसऱ्याच फुटाला त्याचा पाय टेकला. अंतिम फेरीत मी आणि शाळामास्तर. मी जिंकले. सुभेदारसाहेब म्हणाले, "पळवायला इंजिन लागतं ताई. हळू चालवायला मानूस लागतो."

इथून जवळच पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक आहे, 2021 मध्ये सुरू झालेला. तिथे गाड्या त्यांच्या शेवटच्या वेगापर्यंत पळवून तपासतात. भाच्याला तिथे काम करायचं आहे, म्हणून तो येताना वाटेत त्याबद्दलच बोलत होता. रात्री शेकोटीपाशी तो स्वतःहून म्हणाला, "आत्या, आज दिवसभरात आपण दुसऱ्या गिअरमध्ये गेलोच नाही." खरंच गेलो नव्हतो.

शेकोटीवर सुभेदारसाहेबांनी डिस्पॅच रायडरच्या गोष्टी सांगितल्या. तारा तुटल्या, वायरलेस बंद पडलं, तरी निरोप पोचलाच पाहिजे. तो मोटारसायकलवरून नेणाऱ्याला फौजेत "डॉन आर" म्हणतात. नव्या पोरांना आधी हेच सांगत, पडलेला डॉन आर निरोप पोचवत नाही, उशिरा का होईना न पडलेला पोचवतो. हे सांगताना त्यांच्या आवाजात मोठेपणा अजिबात नव्हता. ते चुलीतलं लाकूड सारल्यासारखं सांगत होते.

शनिवार, दुसरा दिवस

उठताना दोन्ही हातांच्या मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग दगड झाला होता. चहाचा ग्लास दोन हातांनी धरला. हे मूठ आवळल्याचं बिल, असं कळलं. ज्यांनी पिल्लू नीट धरलं होतं त्यांचे हात दुखत नव्हते. शाळामास्तर मजेत पेपर वाचत होते.

आज चढ आणि उतार. टेकडीवर वर लाल मुरूम, मधे सुटे दगड. चढाचा नियम सोपा वाटतो: वेग पायथ्याशीच घ्यायचा, मधे गिअर बदलायचा नाही, अंग पुढे, नजर माथ्यावर. खरा धडा पुढचा होता. चढ अर्ध्यावर राहिला तर? सुभेदारसाहेबांनी प्रत्येकाला मुद्दाम मधेच थांबायला लावलं. तिथे माणूस घाबरून क्लच दाबतं आणि गाडी मागे सुटते. दाबायचा नाही. इंजिन बंद पडू द्यायचं, गिअर तसाच, म्हणजे मागचं चाक जखडलेलं राहतं. पुढचा ब्रेक धरायचा. श्वास घ्यायचा. मग क्लच केसभर दाबत गाडी वीतभर मागे घ्यायची, पुन्हा सोडायचा, पुन्हा वीतभर. आता क्लचच मागचा ब्रेक. हँडल वळवत गाडी उताराला आडवी आणायची, पाय कायम चढाच्या बाजूला टेकवायचा आणि मग सावकाश तोंड खाली करायचं.

मला यात पंचवीस मिनिटं लागली. मधे एकदा पाय उताराच्या बाजूला टेकवला. तिथे जमीन नव्हतीच, म्हणजे होती ती फूटभर खाली. गाडी आणि मी दोघी पडलो. गुडघ्याच्या गार्डावर दगड आपटल्याचा आवाज आला, गुडघ्याला काही झालं नाही. मी बसूनच राहिले. रडू आलं. दुखत नव्हतं, चार वर्षं गाडी चालवूनही एका चढावर उभं राहता येत नाही याचं आलं. सुभेदारसाहेब वर आले, माझ्याशेजारी जमिनीवर बसले आणि समोर बोट करून म्हणाले, "तिकडं जानापाव हाय. चंबळ तिथनं निघती." आणि गप्प बसले. पाच मिनिटांनी मी उठले, सीटला पाठ लावून गाडी उचलली. त्यांनी हात लावला नाही. त्याबद्दल मी त्यांची फार ऋणी आहे.

इथेच बुटांबद्दल सांगते, कारण यावर मी सगळ्यात जास्त घासाघीस केली होती. ट्रेकिंगचे बूट चालतील असं मला वाटायचं. चालत नाहीत. मोटोक्रॉसचे बूट पोटरीपर्यंत येतात, आत ताठ आधार असतो, घोटा मुरडूच देत नाहीत. सुरुवातीला त्यांत गिअर लागलाय की नाही कळत नाही, अर्ध्या दिवसात पायाला सवय होते. विकत घ्यायची घाई नको, इथे भाड्यानं मिळतात, पण जाड लांब मोजे घरून न्या. हेल्मेट, गुडघे-कोपरांचे गार्ड, छातीचं कवच आणि हातमोजे, यातलं एकही "आज राहू दे" म्हणायचं नाही.

दुपारी उतार. पहिला गिअर, क्लचला हातही नाही, इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढतं. अंग मागे, गुडघे सैल. उतरताना अंगात पहिल्यांदा काहीतरी सैल झालं. मी माथ्यावरून खाली बघितलं, तळाशी सुभेदारसाहेब हात वर करून उभे. "दोन!" मी ओरडले. बरोबर होतं.

संध्याकाळी बैलगाडीच्या जुन्या चाकोऱ्यांतून चालवलं. चाकोरी म्हटल्यावर आपल्याला रटाळ आयुष्य आठवतं. इथे ती वीतभर खोल आणि मडकं भाजल्यासारखी कडक होती. चाक आत गेलं की हँडलशी झगडायचं नाही, चाकोरीला चाक नेऊ द्यायचं आणि आपण तिच्या दुसऱ्या टोकाकडे बघायचं. भाचा वेगात शिरला, बाहेर यायला हँडल वळवलं आणि हँडलवरून उडून पडला. उठला, धूळ झटकली, थोडा वेळ कुणाशी बोलला नाही. मग येऊन म्हणाला, "आत्या, मला ती क्लच-ब्रेकची हळू चाल दाखव ना." अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं पन्नास फुटांच्या पट्टीवर मुंगीच्या वेगानं फिरत होतो.

रात्री गार वारा सुटला आणि दोनच्या सुमारास पत्र्यावर पाऊस वाजायला लागला.

रविवार, तिसरा दिवस

मावठा! आमच्याकडे माळव्यातही डिसेंबर-जानेवारीतल्या या पावसाला मावठाच म्हणतात. सकाळी आजी पानियांचं पीठ मळताना एकदम खुशीत होत्या. गहू आणि हरभरा नुकते वर आले होते, त्यांना हे पाणी म्हणजे वरदान. आम्ही मात्र दारात उभं राहून कालच्या मैदानाकडे बघत होतो. काल पायाखाली भेगा पडलेली कडक जमीन, आज लोण्यासारखी चकाकणारी. धारच्या थोरल्या भावानं सांगितलं, ही काळी माती पाणी पिऊन फुगते, सुकली की आकसून फाटते, कपाशीला म्हणूनच मानवते. "पर चक्का इसमें नी चलता भिया," असंही म्हणाला.

मला वाटलं आज सुट्टी. सुभेदारसाहेब रेनकोट चढवून आले. "आज खरी शाळा."

आजपासून आपापल्या गाड्या. हिमालयनच्या चाकांतली हवा मी 20 पीएसआयच्या आसपास उतरवली, म्हणजे टायर जमिनीवर जरा पसरतो आणि पकड धरतो. याहून कमी केली तर दगडावर ट्यूब रिमखाली चेपून पंक्चर होते. हातपंप आणि प्रेशर गेज सोबत हवंच, कारण डांबरावर यायच्या आधी हवा परत भरावी लागते.

तीस पावलं गेले आणि पुढचं चाक फिरायचं थांबलं. माझ्या गाडीला पुढे दोन मडगार्ड आहेत, एक वर चोचीसारखा आणि एक चाकाला लगटून. या दुसऱ्यात आणि टायरमध्ये माती ठासून भरली होती, कुंभारानं थापावी तशी. एक्सपल्सवाल्यांचा मडगार्ड उंचावर, त्यांना काही झालं नाही. चोच दिसायला छान म्हणून देतात असं मी समजत होते. तिचं काम मला त्या मातीत समजलं. सगळे उतरलो, तुराट्यांनी आणि टायर लिव्हरनी माती खरवडली. पुढे शंभर फुटांवर पुन्हा. चार वेळा खरवडल्यावर सुभेदारसाहेबांनी मला शेताच्या कडेची गवताची पट्टी दाखवली, "माती दिसंल तिथं न्हाई, गवत दिसंल तिथनं." गवताच्या मुळांनी जमीन धरलेली असते.

चिखलात दुसरा गिअर, रेस एकसारखी, ब्रेकला हात नाही. गाडी शेपटी हलवते. हलू द्यायची. मागचं चाक डावीकडे घसरलं तेव्हा माझ्या मुठी आवळल्या, मग पिल्लू आठवलं, सैल सोडल्या आणि गाडी आपली आपण सरळ झाली. त्यानंतरची वीस मिनिटं मला आयुष्यभर आठवतील. हेल्मेटच्या काचेवर चिखल, नाकात ओल्या मातीचा वास, पाठीमागून शाळामास्तरांचा "वाहवा, वाहवा!" असा आवाज. मी चार वेळा पडले. चारही वेळा मऊ.

ओढ्याला घोट्याच्या वर पाणी आलं होतं. त्यात गाडी घालण्याआधी प्रत्येकानं चालत पलीकडे जायचं, पायानं दगड चाचपायचे, वाट ठरवायची. भाचा आधी चालून आला, परत एकदा चालून आला, मग गाडीवर बसला. शुक्रवारचा भाचा न चालताच गेला असता.

दुपारी पाऊस थांबला आणि ठरल्याप्रमाणे जाम दरवाजाकडे निघालो. हवा भरली, साखळीवर तेल सोडलं. अहिल्याबाईंनी 1791 मध्ये बांधवलेला हा दरवाजा विंध्याच्या अगदी धारेवर उभा आहे. मागे माळवा, पुढे एकदम कोसळणारी दरी आणि खाली निमाड. पावसानं धुतलेली हवा, दरीतून ढग वर चढत होते. टपरीवर चहा आणि भाजलेलं कणीस घेतलं. सुभेदारसाहेब म्हणाले, रात्री जानापावच्या उत्तर उतारावर पडलेलं पाणी चंबळेतून यमुनेला जाईल आणि इथनं चार पावलं पुढे पडलेलं नर्मदेला. एक पार बंगालच्या उपसागरात, एक अरबी समुद्रात. भाचा बराच वेळ दरवाजाच्या कमानीखाली एक पाय इकडे, एक पाय तिकडे करून उभा होता.

मी त्यांना वळणाबद्दल पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. चहा संपल्यावर ते काही न बोलता आपली गाडी घेऊन घाटात उतरले. आम्हीही खाली गेलो, वळण ओलांडून पुढे, आणि जिथे रस्ता रुंद होतो तिथून गाड्या परत फिरवल्या. आता तोच चढ, तीच दिशा. मावठ्यानं डोंगराची माती आणि खडी रस्त्यावर आणून टाकली होती, दोन वर्षांपूर्वी होती त्याहून जास्त.

मी पेगवर उभी राहिले. पहिला गिअर. दोन बोटं क्लचवर. गुडघे टाकीला, कोपर बाहेर. खडी आली हे मला टायरच्या आवाजावरून कळलं, मी तिच्याकडे बघितलं नाही. वळणाच्या वरच्या टोकाला, कठड्यापाशी, ओल्या रेनकोटमध्ये सुभेदारसाहेब हात वर करून उभे होते.

"चार!" मी ओरडले.